मानांकन : प्रमाणपत्राच्या पलीकडे

अनेक रुग्णालयांच्या दर्शनी भागावर आज 'एनएबीएच मानांकनप्राप्त' अशी पाटी दिसते, तर महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारी 'नॅक'ची श्रेणी लिहिलेली असते. मानांकन म्हणजे संस्थेच्या कामकाजाची बाहेरील तज्ज्ञांनी ठरलेल्या निकषांवर केलेली तपासणी व त्यानंतर दिलेली मान्यता. ही मान्यता भिंतीवर लावण्याची शोभेची वस्तू नसून संस्था चालविण्याची शिस्त आहे, हे रुग्णालयांच्या मानांकनाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानी येते.

अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांचे म्हणणे साधे होते. उपचार घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढेही चौकशी करावी, तो बरा झाला किंवा नाही हे पाहावे आणि झाला नसेल तर त्याचे कारण शोधावे. १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची माहिती त्यांनी ठेवली व त्यात आढळलेल्या १२३ चुका स्वतःहून छापून प्रसिद्ध केल्या. या स्पष्टपणामुळे त्यांना समव्यावसायिकांचा मोठा रोष पत्करावा लागला. परंतु विचार मागे पडला नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १९१७ साली रुग्णालयांसाठी किमान निकष तयार केले. ते अवघ्या एका पानावर मावत. डॉक्टर पात्र व सचोटीचे असावेत, त्यांनी नियमित बैठकीत आपल्या कामाचा आढावा घ्यावा, प्रत्येक रुग्णाची संपूर्ण नोंद ठेवावी, प्रयोगशाळा व क्ष-किरण तपासणीची सोय असावी, एवढ्याच त्यातील मुख्य अपेक्षा होत्या. तरीही शंभर वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली असता केवळ ८९ उत्तीर्ण झाली. अनुत्तीर्णांत नामवंत रुग्णालयेही होती. यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून १९१९ साली न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या भट्टीत ती जाळण्यात आली. आकडे मात्र जाहीर झाले.

यादी जळाली, पण तपासणी थांबली नाही. उणिवा दूर करणे व पुन्हा तपासणीस सामोरे जाणे हा क्रम चालू राहिला आणि १९५० पर्यंत तीन हजारांहून अधिक रुग्णालये निकषांस उतरली. १९५१ साली हे कार्य पुढे नेण्यासाठी स्वतंत्र संयुक्त आयोग स्थापन झाला.

भारतात महाविद्यालये व विद्यापीठांसाठी 'नॅक' १९९४ साली स्थापन झाली. भारतीय गुणवत्ता परिषद १९९७ साली अस्तित्वात आली व तिच्या अंतर्गत रुग्णालयांसाठी 'एनएबीएच' हे मंडळ २००५ साली सुरू झाले. रुग्णालयाने प्रथम स्वतःचे परीक्षण करावयाचे, मग परीक्षक प्रत्यक्ष येऊन उणिवा दाखवितात व त्या दूर झाल्यावर मानांकन मिळते. ते कायमचे नसते. मुदत संपताच पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

खरी कसोटी दोन तपासण्यांच्या मधल्या काळात असते. समजा, नावात साम्य असलेल्या दोन औषधांची अदलाबदल होता होता टळली. परिचारिकेने ती गोष्ट नोंदविली, औषधे वेगळ्या कप्प्यांत ठेवण्याचे ठरले, महिन्याने पुन्हा नोंदी पाहिल्या व उपाय लागू पडल्यास तो सर्व विभागांत नियम म्हणून स्वीकारला. योजना, कृती, पडताळणी व सुधारणा हे चक्र ते हेच. चूक सांगणाऱ्यास शिक्षा होणार असेल, तर नोंद होत नाही. आणि नोंदच नसेल, तर सुधारणार काय? परीक्षक येण्यापूर्वी आठ दिवस जागून तयार केलेल्या फायलींनी प्रमाणपत्र एखादे वेळी मिळेलही. रुग्णाचा धोका मात्र तसाच राहतो.

म्हणून रुग्णालय चालविणाऱ्या वा त्यास देणगी देणाऱ्या प्रत्येकाने प्रमाणपत्र पाहून न थांबता दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या वर्षी कोणत्या उणिवा आढळल्या? आणि त्यांपैकी किती दूर झाल्या? ज्या संस्थेपाशी या प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात तयार असतात, तिचे मानांकन सार्थ समजावे.

— सचिव