शिंगात शिरलेलं वारं

चाकणच्या बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचा खालचा ओठ ओढून दात पाहतं. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच; तिथे नुसती कडक गादी. सगळे दुधाचे दात म्हणजे आदत, मधली पक्की जोडी आली की दुसा, मग चौसा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून या शब्दांचा भाव आणखी वाढला आहे. तोंडाची ही तपासणी चोख असते. कपाळाकडे मात्र माणूस रुबाब म्हणूनच बघतो.

शिरवळच्या किंवा परळच्या (स्थापना १८८६) पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते कपाळ करवतीने मधोमध उभं चिरतात, तेव्हा नवखा विद्यार्थी चक्रावतो. एवढ्या रुंद भाळामागे मेंदू नाही! तो मागे, जेमतेम अर्धा किलोचा. पुढे हाडाच्या दोन पत्र्यांमध्ये कप्प्याकप्प्यांची पोकळी, म्हणजे सायनस, आणि तिच्यात हवा. ही पोकळी नाकात उघडते. वासरू काही महिन्यांचं झालं की ती शिंगाच्या हाडातही शिरू लागते. मोठ्या बैलाचं शिंग म्हणजे एका अर्थी नाकाचीच लांबलेली खोली.

हे न पाहिलेल्याला शिंगाचा कॅन्सर कळणं अवघड. बैल डोकं झटकतो, शिंग खुंट्याला घासतो आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. मालक नाकाला औषध मागतो. गाठ मात्र शिंगाच्या आतल्या अस्तरात वाढत असते. पुढे शिंग लोंबतं. आपल्याकडे हा आजार मुख्यतः बैलांचा. गायींत कमी, म्हशींत क्वचित. शिंगं साळणं आणि दोराचं घासणं यांवर जुना संशय आहे.

उपाय म्हणजे शिंग बुडापासून कापणं. त्याआधी भूल द्यायची, तर सुई कुठे टोचायची हेही चिरफाडीनेच शिकवलेलं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे हाडाची एक कड जाते. साधारण मध्यावर, त्या कडेखाली, शिंगाकडे जाणारी मज्जातंतूची फांदी सापडते. सुई चुकली, तर बैल ते लगेच कळवतो.

कापल्यावर कपाळातली पोकळी उघडी पडते. म्हणून जखम भरेपर्यंत पट्टी, कोरडा गोठा आणि माशांवर पहारा; नाहीतर आत किडे पडतात.