हंगामपूर्व सामन्यांचा फँटसी संघ : नावापेक्षा मैदानावरची मिनिटे मोलाची

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन शहरात ३१ जुलै २०२५ रोजी लॉस एंजेलिस चार्जर्स आणि डेट्रॉइट लायन्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलच्या नव्या हंगामाचा पहिला सरावसामना झाला. चार्जर्सने तो ३४-७ असा जिंकला. परंतु त्यांचा प्रमुख क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी खेळलेल्या ट्रे लान्सने १२० यार्डांचे पास देत २ टचडाउन मिळवून दिले. लान्स हा २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला, परंतु त्यानंतर कोठेच स्थिर न झालेला खेळाडू. त्या रात्री आपल्या काल्पनिक संघात हर्बर्टचे नाव घालणाऱ्याच्या पदरी शून्य गुण पडले असते; लान्सला घेणाऱ्याला केवळ पासच्या जोरावर १२.८ गुण मिळाले असते.

‘डेली फँटसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे हंगामपूर्व रूप या एका उदाहरणातून स्पष्ट होते. एरवी कोणता खेळाडू किती चांगला, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. ऑगस्टमध्ये मात्र कोण खेळणार आणि किती वेळ खेळणार, एवढाच प्रश्न उरतो.

खेळाची मूळ रचना भारतीय वाचकांना अपरिचित नाही. ड्राफ्टकिंग्ज या बोस्टनस्थित कंपनीच्या नेहमीच्या स्पर्धेत ५०,००० डॉलरच्या काल्पनिक वेतनमर्यादेत नऊ जागा भरायच्या असतात : एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, तीन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, यांपैकी धावणाऱ्या किंवा झेलणाऱ्या गटातला एक जादा खेळाडू आणि एका संघाची संपूर्ण बचावफळी. क्वार्टरबॅकने फेकलेल्या टचडाउन पासला ४ गुण, २५ यार्डांच्या पासला १ गुण. धावून किंवा झेलून केलेल्या टचडाउनला ६, प्रत्येक १० यार्डांना १ आणि प्रत्येक यशस्वी झेलाला आणखी १ गुण. प्रत्यक्ष सामन्यातील आकड्यांवरून हे गुण मोजले जातात आणि प्रवेशशुल्कातून जमलेली रक्कम वरच्या क्रमांकांत वाटली जाते. कंपनी आपला वाटा आधीच कापून घेते. त्यामुळे सगळे सहभागी एकत्र धरले, तर त्यांचा हिशेब नेहमीच तोट्याचा असतो.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. नियमित हंगाम १७ सामन्यांचा झाल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, प्रत्येक संघ चारऐवजी तीन हंगामपूर्व सामने खेळतो; कँटनच्या सामन्यातील दोन संघांच्या वाट्याला एक सामना जास्त येतो. या सामन्यांचे निकाल गुणतालिकेत धरले जात नाहीत. प्रशिबिरात प्रत्येक संघाकडे ९० पर्यंत खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर त्यांतून ५३ जणांची यादी कायम करावी लागते. ज्याची जागा पक्की, त्याला दुखापतीच्या धोक्यात ढकलण्यात संघाचा काहीच लाभ नसतो. बाल्टिमोर रेव्हन्सचा रनिंग बॅक जे. के. डॉबिन्स याच्या गुडघ्याचा स्नायुबंध ऑगस्ट २०२१ मधील अखेरच्या सरावसामन्यात फाटला आणि त्याचा तो संपूर्ण हंगाम वाया गेला. अशा प्रसंगांनंतर प्रशिक्षक अधिक सावध होतात. लॉस एंजेलिस रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे तर आपल्या प्रमुख खेळाडूंना ऑगस्टमध्ये जवळपास खेळवतच नाहीत. विश्वचषकापूर्वीच्या क्रिकेट सरावसामन्यात पथकातील पंधराही जणांना आलटूनपालटून आजमावतात, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती.

म्हणूनच या स्पर्धांत नियमितपणे उतरणाऱ्यांचा खरा अभ्यास सामन्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत होतो. प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा, स्थानिक वृत्तपत्रांच्या वार्ताहरांनी सरावातून दिलेले वृत्तान्त आणि संघाने प्रसिद्ध केलेली खेळाडूंची क्रमवारी यांतून ते मिनिटांचा अंदाज बांधतात. ‘पहिली फळी एकच चढाई खेळेल, दुसरा क्वार्टरबॅक मध्यंतरापर्यंत राहील’ असे प्रशिक्षकाचे एक वाक्य वर्षभराच्या आकडेवारीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. खेळाडूंच्या किमती कंपनी आधीच जाहीर करते आणि नंतर त्या बदलत नाहीत. त्यामुळे किंमत ठरल्यानंतर आलेली बातमीच स्वस्त खेळाडूला मौल्यवान करते.

यात क्वार्टरबॅकची निवड सर्वांत नाजूक असते. एका सामन्यात एकच संघ तीन क्वार्टरबॅक वापरू शकतो. पैकी सर्वाधिक वेळ कोणाला मिळणार हे ओळखणे म्हणजे अर्धी लढाई. बहुधा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा तरुण असतो. तो धावणाराही असेल तर उत्तम, कारण अननुभवी संरक्षक फळीच्या मागे उभा असलेला क्वार्टरबॅक वारंवार अडचणीत सापडतो आणि चेंडू घेऊन स्वतःच पळतो. त्या यार्डांना पासच्या यार्डांपेक्षा अधिक गुण असतात. याच कारणाने बचावफळीही दुर्लक्षून चालत नाही. समोर नवखा क्वार्टरबॅक असेल तर त्याला पाडल्याचा १ आणि पास हिरावल्याचे २ गुण मिळण्याची शक्यता वाढते.

जोडी लावतानाही नेहमीची सवय बाजूला ठेवावी लागते. नियमित हंगामात क्वार्टरबॅक आणि त्याचा आवडता रिसीव्हर एकत्र घेण्याची पद्धत आहे. हंगामपूर्व सामन्यात दोघे एकाच वेळी मैदानात असतील का, हे आधी पाहावे लागते. तिसऱ्या चरणात उतरणाऱ्या क्वार्टरबॅकबरोबर पहिल्याच चढाईनंतर बाकावर बसलेला रिसीव्हर घेणे व्यर्थ. त्याच्यासोबत सराव करणारे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले रिसीव्हर हवेत. रनिंग बॅकच्या बाबतीत तर आघाडी मिळालेला संघ उत्तरार्धात घड्याळ पुढे सरकवण्यासाठी चेंडू ज्याच्या हाती वारंवार देतो, तो अनेकदा यादीतला चौथा खेळाडू असतो.

संघांच्या निकालांवरून भाकीत करणे मात्र फसवे. जॉन हार्बो यांच्या मार्गदर्शनाखाली रेव्हन्सने सलग २४ हंगामपूर्व सामने जिंकले होते. ती मालिका २१ ऑगस्ट २०२३ रोजी वॉशिंग्टन कमांडर्सने २९-२८ अशी खंडित केली. राखीव खेळाडूंनाही गांभीर्याने खेळवणारा संघ म्हणून ही नोंद फँटसी खेळणाऱ्याला उपयोगी आहे, पुढच्या हंगामाविषयी ती फारसे सांगत नाही. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने चारही हंगामपूर्व सामने जिंकले आणि त्यानंतरचे सोळाच्या सोळा नियमित सामने गमावले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मग यात कौशल्य कोणते? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. इंटरनेटवरील जुगारासंबंधीच्या २००६ च्या संघीय कायद्याने काही अटींवर फँटसी खेळांना वगळले. तरीही राज्याराज्यांतील वाद थांबले नाहीत. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. एका मताचा हा फरक बोलका आहे. हंगामपूर्व सामन्यांत कौशल्य असलेच तर ते खेळ जाणण्याचे कमी आणि बातमी वेळेवर मिळवण्याचे अधिक. नियमित हंगामात न खेळणाऱ्यांची अधिकृत यादी सामन्यापूर्वी ९० मिनिटे येते. ऑगस्टमध्ये तशी शिस्त नसते. एकाच मोठ्या स्पर्धेत १५० पर्यंत संघ उतरवू शकणारा आणि दिवसभर पडद्यासमोर बसणारा व्यावसायिक आणि संध्याकाळी कामावरून येऊन एक संघ लावणारा हौशी यांची लढत समान मानणे कठीण आहे.

भारतात पैसे लावून असा संघ निवडण्याचा मार्ग आता बंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद न करता पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याच दिवशी मुंबईस्थित ड्रीम११ ने सशुल्क स्पर्धा थांबवल्या. असे खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. परदेशातून चालवल्या जाणाऱ्या सेवांनाही हा कायदा लागू होतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपापल्या राज्याचे नियम पाहिलेले बरे, कारण ते सर्वत्र सारखे नाहीत.

फँटसीच्या तक्त्यात जी नावे केवळ स्वस्त पर्याय म्हणून दिसतात, त्यांच्यासाठी हे सामने नोकरीची परीक्षा असतात. १६ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळताना, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या व्हिक्टर क्रूझने जेट्सविरुद्ध ६ झेल घेत १४५ यार्ड आणि ३ टचडाउन नोंदवले. ड्राफ्टकिंग्जच्या आजच्या नियमांनी, शंभर यार्डांचा ३ गुणांचा बोनस धरून, ते ४१.५ गुण होतात. क्रूझला संघात जागा मिळाली आणि २०११ च्या हंगामात १,५३६ यार्ड करत तो सुपर बाउल विजेत्या संघाचा प्रमुख रिसीव्हर ठरला.

बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही. सर्व ३२ संघांनी प्रशिबिरे पूर्ण भरलेली असतील, तर ९० वरून ५३ वर येताना सुमारे ११८४ खेळाडूंना यादीबाहेर पडावे लागते. २०२३ पासून ही छाटणी टप्प्याटप्प्याने न होता एकाच मुदतीत होते. कमी करण्यात आलेल्यांपैकी काहींना इतर संघ उचलतात, काहींना दुसऱ्या दिवशी सोळा जणांच्या सराव पथकात जागा मिळते. उरलेले बॅगा भरून घरी परततात आणि दुखापतीमुळे एखादी जागा रिकामी झाल्याच्या दूरध्वनीची वाट पाहतात.