पंचाने कुणाचे ऐकावे?

नवी मुंबईत शालेय कबड्डीचा एक सामना पाहण्याचा योग आला. चौदा वर्षांखालील मुली. एका बाजूला खासगी शाळेचा संघ आणि त्यांचा पगारी प्रशिक्षक. दुसऱ्या बाजूला पालिका शाळेच्या मुली आणि सोबत आलेल्या त्यांच्या वर्गशिक्षिका. पंचाने पालिका शाळेच्या चढाईला बोनस गुण दिला. लगेच तो प्रशिक्षक रेषा ओलांडून आत शिरला आणि 'तुम्हाला नियम तरी येतात का?' म्हणून ओरडू लागला. दोन मिनिटांत गुण रद्द झाला. बाई गप्पच राहिल्या. दाद कुठे मागायची, हेच त्यांना कुणी सांगितले नव्हते.

ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू खरी, असे न्यायाधीशाने मानले तर आमच्या अशिलांनी कोर्टाची पायरी चढायचीच कशाला? मैदानावरही तोच प्रश्न आहे. दमदाटीने फिरवलेला प्रत्येक निर्णय अशा मुलांच्या ताटातून जातो, ज्यांच्यामागे ओरडणारा कुणी नाही.

मग पंचाने कुणाचेच ऐकू नये काय? तसे नाही. पाय रेषेपलीकडे गेला का, चेंडू बॅटला लागला का, हा पंचाच्या डोळ्यांचा निर्णय आहे. त्यावर वाद नाही. परंतु गुण चुकीचे मांडले गेले किंवा नियमच चुकीचा लावला, तर ऐकलेच पाहिजे. कर्णधाराने किंवा प्रशिक्षकाने शांतपणे विचारावे, पंचांनी आपसात बोलून चूक असल्यास खेळ पुढे जाण्यापूर्वी सुधारावी आणि कारण दोन्ही संघांना सांगावे. दोन्ही बाजू ऐकून घेणे हाच नैसर्गिक न्याय. त्यानंतरही आरडाओरडा चालला तर एकदा ताकीद द्यावी, मग बाहेर काढावे व लेखी अहवाल द्यावा.

यात नवीन काही नाही. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या क्रिकेट नियमांत पंचाच्या निर्णयावर खेळाडूने नाराजी दाखवली तर आधी ताकीद, पुन्हा घडल्यास प्रतिस्पर्ध्याला ५ धावा आहेत. फुटबॉलमध्ये २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळे व लाल कार्ड दाखवता येते. दोषी कोण ते कळले नाही तर तेथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच नियमांखाली झाला. मग त्याच शहरातील शाळेच्या मैदानावर पंच एकटा का पडावा?

निर्णयाविरुद्ध बोलू नका, असे मी म्हणणार नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत बाळू पालवणकरांना कर्णधारपद नाकारले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनी आपला निषेध कारणांसह, उघडपणे मांडला होता.

जयंतीनिमित्त आपली मंडळेही मुलांच्या स्पर्धा भरवतात. तेथूनच सुरुवात करू. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून नियम सांगा, लेखी हरकतीचा कागद टेबलावर ठेवा आणि पंचाने कुणाला बाहेर काढले तर, तो आपल्या मंडळाचा अध्यक्ष असला तरी, पंचाच्या पाठीशी उभे राहा.