तारेच्या तुकड्याची करामत

रेडिओ खरखरला की आपण पहिल्यांदा काय करतो? दांडी ओढून लांब करतो. एफएमला हा उपाय बरोबर. मीडियम वेव्हला मात्र त्या दांडीचा सहसा काहीच उपयोग नसतो!

ट्रान्झिस्टरचं झाकण उघडलंत तर आत फेराइटची काळी कांडी दिसेल, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. मीडियम वेव्हची खरी एरियल ती. रात्री एखादं लांबचं स्टेशन लावा आणि सेट टेबलावर सावकाश फिरवा. कांडीचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज बसतो. तिथून काटकोनात वळवा, की खुलतो.

कांडीच का? आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. तारेची एरियल करायची तर ती लहरीच्या पाव लांबीची हवी, म्हणजे जवळजवळ ९५ मीटर! एवढी उभी तार बांधणार कुठे? मार्कोनीने १९०१ साली न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधून तार आभाळात चढवली होती. आपल्याकडे व्हॉल्व्हच्या रेडिओच्या जमान्यात घरोघरी तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे.

एफएमचं गणित फार सोपं. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. तेवढे दोन वायरचे तुकडे एकाच रेषेत दोन बाजूंना पसरा, मधली दोन टोकं सेटच्या एरियलच्या जागी जोडा, झाला डायपोल. मोबाइलवर एफएम लावताना इअरफोन खुपसायला सांगतात, कारण त्याची वायरच एरियल असते.

माझी सगळ्यात लाडकी मात्र लूप एरियल. दोन-दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यावर तारेचे दहा-बारा वेढे, दोन टोकांमध्ये जुन्या रेडिओतला स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर. ट्रान्झिस्टर नुसता शेजारी ठेवायचा, वायर जोडायचीच नाही! गँग फिरवत गेलं की एका जागी दबलेलं स्टेशन एकदम उसळून वर येतं.

आणि हो, स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर बंद करून पाहा. निम्मी खरखर तिथलीच निघते.

गच्चीवर तार बांधणार असाल तर विजेच्या तारांपासून लांब बांधा, आणि ढग गडगडण्याआधीच ती सेटमधून काढून ठेवा.