वजनाचा ताळेबंद : शस्त्रक्रियेपूर्वी यशाची व्याख्या ठरवा



गेल्या चातुर्मासात पाचोडला बहिणीकडे मुक्काम होता. भाच्याची मोसंबीची आडत आहे. एका दुपारी दुकानाच्या गादीवर बसलो असता त्याने कपाटातून एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. तीत रक्ताचे अहवाल होते, झोपेच्या तपासणीचा कागद होता आणि एका रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक होते. तो म्हणाला, “मामा, तुम्ही पस्तीस वर्षे लोकांच्या कर्जाच्या फाइली तपासल्या. आता माझी ही फाइल तपासा. वजन कमी करण्याचे ऑपरेशन करू की नको, तेवढे सांगा.”

वय त्रेचाळीस, उंची १६६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या चालू. रात्री झोपेत श्वास अडतो म्हणून नाकावर यंत्र लावून झोपावे लागते. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आहारतज्ज्ञ, चालणे, काढे, सर्व करून झाले; दहा किलो उतरले की बारा चढत. “रोज शेकडो क्विंटल मालाचा काटा पाहतो, पण स्वतः काट्यावर उभे राहायची लाज वाटते,” असे तो हसत म्हणाला. परंतु त्या हसण्यात हसू नव्हते.

आतून ताईचा आवाज आला, “चांगल्या अंगाला चाकू कशाला लावायचा? तोंडावर ताबा ठेव म्हणावे.”

मी वैद्य नाही. तेव्हा करा किंवा करू नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु कर्जाच्या प्रत्येक प्रस्तावात आम्ही एक प्रश्न प्रथम विचारत असू : हा व्यवहार यशस्वी झाला, असे आपण कधी म्हणणार? त्या प्रश्नाच्या आधारे मी फाइल वाचली, दोन डॉक्टरांशी बोललो आणि जे समजले ते येथे मांडत आहे. आपल्या समाजात गादीवरचे बैठे काम, गिऱ्हाइकागणिक गोड चहा, फरसाण आणि लग्नसराईतील जेवणावळी यांमुळे हा प्रश्न आता अनेक घरांत आलेला आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

आज प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. यास ‘स्लीव्ह’ म्हणतात. काढलेला भाग परत बसविता येत नाही. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात, हा ‘बायपास’. दोन्हींमुळे पोट लवकर भरते. तेवढेच नव्हे, तर भूक व साखर यांचे नियमन करणारे आतड्यातील संदेशही बदलतात. म्हणूनच वजन उतरण्यापूर्वीच अनेक मधुमेहींची साखर खाली येऊ लागते.

‘तोंडावर ताबा ठेव’ हा उपदेश अपुरा का पडतो, तेही येथेच कळते. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढविते आणि ऊर्जेचा खर्च घटविते. हा निव्वळ मनोनिग्रहाचा अभाव नव्हे. ताईला हे समजावून सांगितले तेव्हा ती प्रथमच गप्प झाली.

कोणासाठी?

वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक मिळतो. भाच्याचा निर्देशांक ४० च्या थोडा वर येतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील व आंतरराष्ट्रीय अशा दोन शल्यचिकित्सक संघटनांनी जुने निकष बदलले. निर्देशांक ३५ वा अधिक असल्यास सहव्याधी नसली तरी शस्त्रक्रियेची शिफारस करावी. आशियाई लोकांत चरबीचे दुष्परिणाम कमी वजनावरच दिसतात, म्हणून त्यांच्याबाबत २७.५ पासून विचार करता येईल, असे त्यांनी म्हटले.

विम्याचे गणित मात्र निराळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरविलेल्या प्रमाणित अपवर्जनांनुसार निर्देशांक ४० वा अधिक हवा. अथवा ३५ वा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्रा-श्वसनरोध किंवा नियंत्रणात न येणारा मधुमेह यांसारखी गंभीर व्याधी हवी. शिवाय सौम्य उपाय करून पाहिले व ते निष्फळ ठरले, हेही दिसावे लागते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या व तपासण्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. प्रतीक्षा-काळाचे कलम पॉलिसीच्या मूळ प्रतीत वाचावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

एकाच घटनेचे दोन हिशेब

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद या महिलेला मालवाहू विमानाने मुंबईस आणले होते, हे अनेकांना आठवत असेल. तिचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते आणि कित्येक वर्षांत ती घराबाहेर पडली नव्हती. ७ मार्च रोजी सैफी रुग्णालयात डॉ. मुफझल लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. वजन वेगाने उतरले. रुग्णालयाने तीनशे किलोंहून अधिक घट जाहीर केली. परंतु तिची बहीण समाधानी नव्हती. इमानला पक्षाघात होऊन गेलेला होता. तिने बोलावे, चालावे ही बहिणीची अपेक्षा होती. वाद वृत्तपत्रांत गाजला. मे महिन्यात इमानला अबुधाबीस हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचे निधन झाले.

कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा करण्याचे आपणास कारण नाही. मला त्यात दिसते ते असे की एकाच रुग्णासाठी दोन वह्या लिहिल्या जात होत्या. एका वहीत यशाचे परिमाण किलो होते, दुसऱ्या वहीत पायांवर उभे राहणे होते. त्या वह्या आधीच जुळवल्या नाहीत, तर वजन घटूनही घरात पराभवाची भावना राहते.

जमेची बाजू

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया केलेले २०१० व न केलेले २०३७ लोक होते. सरासरी सुमारे अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी १०१ जण, तर न केलेल्यांपैकी १२९ जण मरण पावले. म्हणजे आयुष्य वाढते, हे खरे; परंतु शस्त्रक्रिया न करणारा प्रत्येक जण धोक्यात, असेही नव्हे.

त्याच अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येते, सर्व येत नाही. मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के लोक मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी ३६ टक्के उरले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १५० मधुमेहींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अधिक कडक कसोटी लावली होती. पाच वर्षांनंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६ वा त्याखाली ठेवू शकणारे बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि केवळ औषधांवर ५ टक्के होते. औषधांच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. परंतु ‘मधुमेह कायमचा जातो’ ही जाहिरात यावरून सिद्ध होत नाही. मधुमेह जितका जुना व इन्सुलिनवर अवलंबून, तितकी मुक्तीची शक्यता कमी.

आणखी एक हिशेब भाच्यास कागदावर करून दाखविला. शल्यचिकित्सक परंपरेने जादा वजनापैकी निम्मे उतरले की ‘यश’ मानतात. त्याच्या उंचीस २५ निर्देशांकाप्रमाणे ६९ किलो वजन योग्य. जादा ४३ किलो, त्याचे निम्मे साडेएकवीस. म्हणजे तो ९० किलोंवर स्थिरावला तरी डॉक्टरांच्या वहीत तो यशस्वी. आणि लग्नातले फोटो पाहून सत्तर किलोंची आशा धरणारा तो स्वतः मात्र अयशस्वी. हा कागद पाहून तो बराच वेळ बोलला नाही.

नावेची बाजू

अमेरिकेत ४७७६ रुग्णांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीस दिवसांत हजारी तिघांचा मृत्यू झाला आणि एकूण हजारी त्रेचाळीस जणांना मृत्यूसह कोणती ना कोणती गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायांत रक्ताच्या गुठळ्या हे तातडीचे धोके. पुढे स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास बळावू शकतो. बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड व जुलाब होतात. वजन वेगाने घटल्याने पित्ताशयात खडे होतात, काही महिने केस गळतात, त्वचा लोंबते. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम व ड यांच्या गोळ्या आणि वार्षिक रक्ततपासणी जन्मभराची. हे जन्मभराचे हप्ते आहेत. ते चुकविले तर पहिला भरणा वाया जातो.

तरुण मुलींबाबत एक सूचना. ‘स्थळे येत नाहीत’ म्हणून घाईने शस्त्रक्रिया करविणारी घरे आहेत. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, कारण त्या काळात शरीरात पोषणाची तूट असते. आपल्या पाचोडमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था किशोरवयीन मुलींचा रक्तक्षय व अल्पवयीन विवाह या प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम करीत आली आहे. ज्या परिसरात मुलींच्या रक्तक्षयाचा प्रश्न इतका जुना आहे, तेथे मुलीच्या रक्तातील लोह न तपासता केवळ रूपासाठी तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ नये. निर्णय तिचा असावा, सोयरिकीचा नव्हे.

आपला आहार, आपली व्रते

हा विषय इतरत्र क्वचितच लिहिला जातो. शाकाहारात ब-१२ मुळातच कमी मिळते. शस्त्रक्रियेनंतर शोषण आणखी घटते. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती मूठभर जेवणांतून. मूग, मसूर, पनीर, दही यांचे वेळापत्रक आहारतज्ज्ञाकडून आधीच करून घ्यावे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी तो स्पष्ट सांगावा. पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. गोळ्या किंवा वनस्पतिजन्य आवरण मागून घ्यावे.

जेवणाबरोबर पाणी पिता येत नाही. अर्ध्या तासाचे अंतर ठेवून घोट घोट प्यावे लागते. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य असणाऱ्यांना दिवसाच्या दहा-अकरा तासांत पाच-सहा अल्पाहार व पुरेसे पाणी बसवावे लागेल. हे शक्य आहे, परंतु गादीवरून वेळेवर उठावे लागेल. निर्जळ उपवास, अठ्ठाई किंवा एकाशन यांचा निर्णय डॉक्टर व गुरुमहाराज दोघांना विचारूनच घ्यावा. शास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत आणि अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते. भुकेपेक्षा कमी खाणे हे तपच होय. उपवास घडला नाही म्हणून मनात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरा मार्ग

२०२५ मध्ये भारतात वजन घटविणारी आठवड्याची इंजेक्शने, टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड, उपलब्ध झाली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे २० टक्के वजन घटले. चाकू नाही, परंतु औषध थांबविले की बरेचसे वजन परत येते. येथेही हप्ते आहेतच. ज्याचा निर्देशांक मध्यम आहे, त्याने शस्त्रक्रियेपूर्वी हा पर्याय डॉक्टरांपुढे अवश्य ठेवावा.

वहीचे शेवटचे पान

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघे बसलो. एका कोऱ्या वहीत भाच्याने स्वतःच्या हाताने लिहिले : यंत्राविना झोप लागणे. साखरेच्या दोनपैकी एक तरी गोळी कमी होणे. कचनेरला पायी दर्शनास जाणे. वजन नव्वदच्या आसपास आले तरी समाधान मानणे. समोरच्या पानावर त्याने आपण काय सोसण्यास तयार आहोत ते लिहिले : जन्मभर गोळ्या, दरवर्षी तपासणी, जेवणावळीत मूठभर खाऊन उठणे.

मग वही ताईपुढे ठेवली. ती म्हणाली, “मला लिहायचे नाही. हा बापाच्या वयाला पोहोचून पुढे जावा, एवढेच.” भाच्याने तेही तिच्या नावाने लिहून घेतले.

शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही. डॉक्टरांनी आधी सहा महिने आहार, चालणे व लहान घास चावून खाण्याचा सराव सांगितला आहे, त्यानंतरच तारीख. या सहा महिन्यांत त्याला ते जमले नाही, तर त्याने थांबावे असे मी स्पष्ट सांगितले आहे. जमले, तर मी स्वतः रुग्णालयात त्याच्या उशाशी बसेन.

ज्या घरांत ही फाइल उघडली गेली असेल, त्यांनी खर्चाचे अंदाजपत्रक पाहण्यापूर्वी अशी दोन पाने लिहावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोर वाचावीत, एवढीच विनंती.