बत्तीस शब्दांची भाषा

शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली सुरू झालं आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरापासून इंजिनिअरिंगची पदवी एसटीच्या अंतरावर आली. अमरावती विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. मराठी शाळेतून आलेली आमची पिढी पहिल्यांदा संगणकासमोर बसली, तेव्हा धास्ती होती इंग्रजीची. ती मोडली 'सी' या प्रोग्रामिंग भाषेनं.

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली. पुढच्याच वर्षी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिच्यात नव्यानं लिहिला गेला. 1989 साली तिचं प्रमाण रूप ठरलं, तेव्हा तिचे राखीव शब्द होते अवघे 32. इफ, एल्स, फॉर, व्हाइल... दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला ते एका दुपारी पाठ होत. पुढे लागायचा तो विचार, आणि तो मराठीत करता यायचा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हाताशी असे. आपल्याच विदर्भातल्या माणसानं ते लिहिलंय, याचाही धीर वाटे.

सीचे प्रोग्राम ज्यात लिहायचो, त्या टर्बो सीचा निळा पडदा आमच्या पिढीच्या डोळ्यांत बसला आहे. लोडशेडिंगमध्ये तासाभराचं काम क्षणात जायचं. म्हणून दर चार ओळींनी एफ-2 दाबून सेव्ह करायची सवय लागली, ती आजही आहे.

सगळ्यांचं अडायचं ते पॉइंटरपाशी, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता सांभाळणाऱ्या व्हेरिएबलपाशी. मला तो सातबाऱ्यामुळे समजला. गट नंबर म्हणजे शेत नव्हे. शेत कुठे आहे, ते तो सांगतो. शेत विकल्यावरही जुना गट नंबर धरून कुणी पेरायला गेलं, तर भांडण ठरलेलंच. सीमध्ये मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली की नेमकं हेच होतं.

पदवीनंतर शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुणं गाठलं. नोकरीत जावा आली, मग पायथन आली. पोट त्यांनी भरलं. पण प्रोग्राम मंदावला, मेमरी संपू लागली की कारण शोधताना कामी आली ती सीच. लिनक्सचा गाभा मुख्यतः तिच्यातच आहे, आणि पायथनचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटरही तिच्यातच लिहिलेला आहे.

तिचे दोषही खरे आहेत. मेमरीची सगळी जबाबदारी ती प्रोग्रामरवर टाकते आणि त्या चुकांतून सुरक्षेला भगदाडं पडतात. म्हणूनच डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या लिनक्स 6.1 पासून रस्ट या नव्या भाषेला गाभ्यात जागा मिळाली. हा बदल योग्यच आहे.

तरीही खामगाव, चिखली, मेहकरच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: नोकरी कोणत्याही भाषेत करा, पण एक सेमिस्टर मनापासून सीला द्या. मेमरी आपल्या हातानं मागा आणि आपल्या हातानं परत करा. यंत्र आतून कसं चालतं हे एकदा कळलं, की पुढची कोणतीही भाषा परकी वाटत नाही.