कॉल पिकअप गट

कॉल पिकअप गट ही कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेतील एक सुविधा आहे. एका फोनवर वाजत असलेला कॉल जागेवरून न उठता त्याच गटातील दुसऱ्या फोनवरून घेणे या सुविधेमुळे शक्य होते. त्यासाठी आपल्या फोनवर ठरावीक संकेतक्रमांक फिरवावा लागतो किंवा नेमून दिलेले बटण दाबावे लागते. भारतीय कार्यालयांत ईपीएबीएक्स या नावाने परिचित असलेल्या यंत्रणांत, तसेच इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या आयपी-पीबीएक्समध्ये ही सुविधा सर्रास आढळते.

इतर सुविधांपासून वेगळेपण

रिंग गटामध्ये एक सामायिक क्रमांक असतो आणि त्यावर आलेला कॉल अनेक फोनवर एकाच वेळी किंवा क्रमाने वाजतो. कॉल रांगेमध्ये फोन करणाऱ्यास प्रतीक्षेत ठेवून मोकळ्या होणाऱ्या कर्मचाऱ्याशी जोडले जाते. पिकअप गटात मात्र कॉल ज्याचा आहे त्याच्याच फोनवर वाजतो. इतरांना तो हवा असल्यास घेण्याची केवळ मुभा असते. त्यामुळे ग्राहक ठरावीक व्यक्तीला फोन करतात, पण ती जागेवर नसल्यास कोणीतरी उत्तर देणे आवश्यक असते, अशा विभागांसाठी ही सुविधा उपयुक्त ठरते.

प्रकार

* गट पिकअप : स्वतःच्या गटात वाजणारा कॉल घेणे.
* अन्य गट पिकअप : परवानगी असलेल्या दुसऱ्या गटातील कॉल घेणे.
* निर्देशित पिकअप : विशिष्ट एक्स्टेन्शनचा क्रमांक देऊन तेथे वाजणारा कॉल घेणे.

कार्यपद्धती

संकेतक्रमांक मिळताच यंत्रणा परवानगी असलेल्या गटांत वाजत असलेला कॉल शोधते, तो मागणाऱ्या फोनशी जोडते आणि मूळ फोनचे वाजणे थांबवते. सिस्कोच्या कॉल मॅनेजर यंत्रणेत एकाच वेळी अनेक कॉल वाजत असल्यास सर्वाधिक काळ वाजत असलेला कॉल प्रथम जोडला जातो. कॉल उचलला गेल्यावर किंवा व्हॉइसमेलकडे गेल्यावर पिकअप करता येत नाही.

एसआयपी प्रोटोकॉलवर चालणाऱ्या यंत्रणांत मूळ फोनला रद्द-संदेश पाठवला जातो. त्यासोबत कॉल अन्यत्र घेतला गेल्याचे कारण कळवता येते आणि ते कळवल्यास, फोनसंच ते ओळखत असेल तर, कॉलची नोंद चुकलेल्या कॉलमध्ये होत नाही. कारण न कळवल्यास जागेवर परतलेला कर्मचारी, आधीच उत्तर मिळालेल्या ग्राहकाला पुन्हा फोन करण्याची शक्यता असते.

गटांची मांडणी

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ॲस्टरिस्क या मुक्त-स्रोत प्रणालीत प्रत्येक फोनसाठी दोन स्वतंत्र नोंदी असतात. कॉल गटाची नोंद तो फोन कोणत्या गटात वाजतो हे सांगते, तर पिकअप गटाची नोंद त्या फोनवरून कोणत्या गटांचे कॉल घेता येतात हे ठरवते. गटांना ० ते ६३ असे क्रमांक देता येतात. ११ व्या आवृत्तीपासून नावांचे गटही उपलब्ध आहेत. गट पिकअपसाठी मूलतः *८ हा संकेत ठेवलेला असतो.

नोंदी दोन असल्यामुळे परवानगी एकतर्फी ठेवता येते. उदाहरणार्थ, एका कार्यालयातील मांडणी पुढीलप्रमाणे असू शकते :

* लेखा विभाग : कॉल गट १, पिकअप गट १.
* विक्री विभाग : कॉल गट २, पिकअप गट २.
* स्वागतकक्ष : कॉल गट ३, पिकअप गट १, २ व ३.
* व्यवस्थापक : कॉल गट ४, पिकअप गट रिक्त.
* व्यवस्थापकांचे स्वीय सहायक : कॉल गट ५, पिकअप गट ४.

येथे स्वागतकक्षातून लेखा व विक्री या दोन्ही विभागांचे कॉल घेता येतात, परंतु त्या विभागांतून स्वागतकक्षाचे कॉल घेता येत नाहीत. व्यवस्थापकांचा कॉल केवळ स्वीय सहायकांना घेता येतो. सर्व फोन एकाच गटात ठेवल्यास मांडणी सोपी होते, पण वेतन, तक्रारी किंवा वैद्यकीय माहितीसंबंधीचे कॉल कोणाच्याही हाती पडू शकतात. निर्देशित पिकअपची परवानगी स्वतंत्रपणे तपासावी लागते, कारण ती सर्वांना खुली असल्यास गटांनी घातलेली मर्यादा निरर्थक ठरते.

सिस्कोच्या यंत्रणेत एक दूरध्वनी क्रमांक एकाच पिकअप गटात असू शकतो. अन्य गट पिकअपने ज्या गटांचे कॉल घ्यायचे असतील, ते गट मूळ गटाशी संलग्न करावे लागतात.

व्यावहारिक बाबी

गटाची व्याप्ती साधारणतः फोनचा आवाज ऐकू येईल एवढ्या परिसरापुरती ठेवतात. सदस्य वेगवेगळ्या खोल्यांत किंवा मजल्यांवर असल्यास सहकाऱ्याचा फोन वाजत असल्याचे दर्शवणारे दिव्याचे बटण देता येते. एसआयपी यंत्रणांत ही स्थिती कळवण्याची पद्धत आरएफसी ४२३५ या २००५ च्या मानकात दिलेली आहे.

व्हॉइसमेलपूर्वीचा अवधीही गटास अनुरूप असावा लागतो. तो १० सेकंदांचा असल्यास सहकाऱ्याला कॉल लक्षात येऊन संकेत फिरवण्यास जेमतेम वेळ मिळतो. काही फोनसंचांतील क्रमांक-नियम तारांकित संकेत अडवतात किंवा विलंबाने पाठवतात. अशा वेळी यंत्रणेतील नोंदी योग्य असूनही पिकअप होत नाही आणि बदल फोनसंचातच करावा लागतो.

मांडणी पूर्ण झाल्यावर तिची चाचणी दोन्ही बाजूंनी घेतात : परवानगी असलेल्या फोनवरून कॉल घेता येतो का आणि परवानगी नसलेल्या फोनवरून तो नाकारला जातो का. दुसरी चाचणी वगळल्यास गोपनीयतेतील त्रुटी दैनंदिन वापरात सहसा लक्षात येत नाही, कारण कॉलला उत्तर मिळतच असते.